डॉकर कंपोजमधली व्हेरिएबल्स: या चुका टाळा

डॉकर कंपोज म्हणजे एका फाइलवरून ॲपचे कंटेनर, म्हणजे ॲप चालतं ते वेगळे डबे, उभे करणारं टूल. त्या फाइलमधली व्हॅल्यू बदलली, रीस्टार्ट मारला, झालं काम! असं समजणारा कुणी ना कुणी दर महिन्याला भेटतो. कंटेनरला व्हेरिएबल्स, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड अशी सेटिंग्ज, मिळतात ती तो तयार होताना. ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ तोच जुना कंटेनर बंद करून परत उठवतं, जुन्या व्हॅल्यूंसकट.

एका शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघालो होतो आणि भूमकर चौकात अडकलो होतो. टीममधल्या नव्या मुलाचा फोन. “दादा, डेटाबेसचा पत्ता बदलला, चार वेळा रीस्टार्ट केलं, तरी जुन्यावरच जातंय.” मी घरी पोचेपर्यंत पठ्ठ्याने कॅश न वापरता इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) नव्याने बिल्ड केली, मग अख्खा सर्व्हर रीबूट केला. तरी जुनंच! रीबूटनंतरही तोच कंटेनर उठला, दुसरं काय होणार? “अप केलंस का?” “रीस्टार्ट केलं ना!” शेवटी ‘डॉकर कंपोज अप’ला ‘डॅश डी’ लावून चालवायला सांगितलं. बदल ओळखून कंपोजने कंटेनर नव्याने बनवला, दहा सेकंदांत काम झालं. आता असा फोन आला की मी आधी ‘एक्झेक’ने कंटेनरच्या आत ‘ईएनव्ही’ ही व्हेरिएबल्स दाखवणारी कमांड चालवायला लावतो. आत काय आहे ते बघा, मग बोला.

दुसरी माझी लाडकी चूक डॉलरच्या चिन्हाची. पासवर्डमध्ये डॉलर असला की कंपोज पुढची अक्षरं व्हेरिएबलचं नाव समजतं. तसं व्हेरिएबल नसेल तर तिथे रिकामी जागा भरतं आणि पुढे जातं. इशारा देतं, पण लॉग वाचायला वेळ कुणाला आहे? कंपोज फाइलमध्ये डॉलर दोनदा लिहा. डॉट ईएनव्ही या व्हॅल्यूंच्या फाइलमध्ये व्हॅल्यू एकेरी अवतरणात ठेवा.

डॉट ईएनव्ही फाइल कंपोज फाइलमधल्या जागा भरायला असते. त्यातली व्हॅल्यू आपोआप कंटेनरमध्ये जात नाही. शेलमध्ये त्याच नावाचं व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलेलं असेल तर तेच जिंकतं. कंपोज फाइलमध्ये व्हेरिएबल्सच्या डॅशवाल्या यादीत बरोबरच्या चिन्हानंतर अवतरण दिलंत तर तेही व्हॅल्यूचा भाग होतं. आणि इमेज बनवायच्या डॉकरफाइलमध्ये ‘ईएनव्ही’ने पासवर्ड लिहू नका, तो इमेजच्या हिस्ट्रीत कुणालाही दिसतो.

डिप्लॉयआधी मी व्हॅल्यू भरलेली कंपोज फाइल दाखवणारं ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ चालवून सगळ्या जागा नीट भरल्यात का ते बघतो. त्याचं आउटपुट मात्र ग्रुपवर टाकू नका. त्यात पासवर्ड उघडे असतात, आणि हे सांगायची वेळ माझ्यावर दोनदा आलीये.