मेस लावण्याआधी जेवणं मोजा
पुण्यात महिन्याची मेस लावताना दोन वेळची ६० जेवणं धरू नका. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, म्हणजे उरली ५६. त्यातून प्रॅक्टिकलमुळे हुकणाऱ्या दुपारी आणि गावी जाण्याचे दिवस वजा करा. समजा ३,५०० रुपये भरले आणि ४० वेळाच जेवलात, तर ताट साडेबासष्टऐवजी साडेसत्त्याऐंशीला पडतं. मग जेवाल तेवढ्याच ताटांचं कूपन घेतलेलं बरं, फक्त त्याची मुदत बघा. खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, सलग किती असले तर हिशोबातून वजा धरतात, आधी कळवावं लागतं का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा आणि कार्डावर लिहूनच घ्या; तोंडी बोलण्यावरून महिनाअखेरीस हमखास वाद होतात. चव बघायला रविवारच्या फीस्टला जाऊ नका. मंगळवारी रात्री उशिरा जा: पोळ्या गरम मिळतात का, भाजी उरलीय की नुसतं आमटीवर भागवतायत, ते तेव्हाच कळतं.