‘राइट ऑफ द बॅट’ कुठे चालतं, कुठे नाही

अमेरिकन क्लायंटशी फोनवर बोलावं लागणाऱ्या मुलामुलींचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग मी पुण्यात घेते. ‘राइट ऑफ द बॅट’ म्हटलं की सगळा वर्ग क्रिकेटमध्ये शिरतो. पण ही बॅट बेसबॉलची, आणि तिथेच सगळी मेख आहे. क्रिकेटमध्ये चेंडू तटवून तुम्ही खुशाल क्रीजमध्ये उभे राहू शकता, धाव घ्यायची सक्ती नाही. बेसबॉलमध्ये तसं नाही. चेंडू हद्दीच्या आत मारला की पळायलाच हवं, ९० फुटांवरच्या पहिल्या बेसकडे. बॅटवरून चेंडू सुटला की पुढचा खेळ सुरू!

म्हणून याचा अर्थ ‘सुरुवातीलाच’, ‘आल्या आल्या’. ‘ही आस्क्ड अबाउट सॅलरी राइट ऑफ द बॅट’ म्हणजे पठ्ठ्याने खुर्चीत टेकल्या टेकल्या पगाराचं काढलं. ‘आय लाइक्ड हर राइट ऑफ द बॅट’ म्हणजे ती बघताक्षणीच आवडली.

घोळ होतो तो ‘ताबडतोब’च्या जागी हे ठोकून दिल्यावर. ‘सेंड मी द फाइल राइट ऑफ द बॅट’ कानाला खटकतं. हुकूम असो की आश्वासन, ‘लगेच पाठव’, ‘आत्ताच करतो’, तिथे साधं ‘राइट अवे’ म्हणा. शंका आली तर वाक्य मनात मराठीत बोलून बघा. ‘आल्या आल्या’ किंवा ‘सुरुवातीलाच’ चपखल बसलं, तरच बॅट बाहेर काढायची.

वाक्यात हे बहुधा शेवटी येतं. आधी घेतलंत तर पुढे स्वल्पविराम द्या: ‘राइट ऑफ द बॅट, आय न्यू समथिंग वॉज राँग’. ‘राइट’ऐवजी ‘स्ट्रेट’ चालतं. ‘फ्रॉम द बॅट’ मात्र कुणी म्हणत नाही. मीटिंगमध्ये, चॅटवर बिनधास्त वापरा. करारनाम्यात किंवा तक्रारीच्या पत्रात नको, तिथे ते उथळ वाटतं. ब्रिटिश माणसालाही हे कळतं, पण त्याचं बरेचदा ‘स्ट्रेट ऑफ’वरच भागतं.

आणि बोलताना चारही शब्द एका दमात म्हणा. ‘राइट ऑफ’ म्हणून मध्येच अडखळलात आणि समोर बँकवाला असला, तर त्याला बुडीत कर्जच आठवायचं.