पेरणीआधी ट्रॅक्टरचं ऑइल: रंग नको, तास बघा

उन्हाळी नांगरट उरकली की मृगाआधी ट्रॅक्टरला थोडी उसंत मिळते. इंजिन ऑइलचा हिशेब याच दिवसांत करून घ्या. एकदा वाफसा आला की ट्रॅक्टर उभा ठेवणं कुणालाच परवडत नाही.

ऑइल काळं दिसलं म्हणून बदलायचं, ही सवय सोडा. डिझेल इंजिनाची काजळी ऑइलमध्ये उतरतेच, आणि तिच्या गुठळ्या होऊ न देणं हे ऑइलचं कामच आहे. नवं ऑइलही थोड्याच तासांत काळं पडतं. भरवसा ठेवायचा तो तासमीटरवर. बऱ्याच ट्रॅक्टरना पहिली बदली 50 तासांनी आणि पुढे दर 250 तासांनी सांगितलेली असते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच खरा.

मात्र हा आकडा साधारण कामाचा आहे. दिवसभर रोटाव्हेटर, चढावर उसाच्या भरल्या ट्रॉल्या, फुफाट्यातली नांगरट असं काम असेल तर 250 ची वाट बघू नका, 200 लाच बदला असं मी सांगेन.

मीटर बंद पडलेले ट्रॅक्टर गावोगावी आहेत. तिथे डिझेलवरून हिशेब धरा. तुमचा ट्रॅक्टर तासाला सरासरी 4 लिटर पीत असेल, तर 1000 लिटर म्हणजे 250 तास. डिझेलची पावती वहीत चिकटवली की काम झालं. मला तर मीटर चालू असतानाही हा हिशेब जास्त पटतो, कारण ओझं वाढलं की डिझेलही वाढतं. जुने यांत्रिक मीटर तर इंजिन हळू फिरलं की तासही कमी मोजतात.

तास भरले नसले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच. आणि रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी गेज, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघा. पातळी आपोआप वाढली असेल तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. दुधाळ रंग म्हणजे पाणी. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नका, आधी मिस्त्रीला दाखवा.

एअर क्लीनरच्या वाटीत चिखल साचला असेल, किंवा त्याचा होज चिरला असेल, तर नव्या ऑइलचाही उपयोग नाही. धूळ थेट इंजिनात शिरून आतल्या रिंगा आणि लायनर खाते.

इंजिन कोमट असताना ऑइल काढा, फिल्टर सोबतच बदला. निघालेलं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये भरून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्या.