रोटाव्हायरस लशीचे तिन्ही डोस झाले, तरी जुलाब का?

एमबीबीएसनंतरचं बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष मी देवगड तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. यंदा जे अशा ठिकाणी रुजू होतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ऑगस्टमधली ओपीडी. आठ महिन्यांचा मुलगा, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसत होती. आजीने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लसीकरणाचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. "बाय, तिनय डोस दिलव, मगे ह्येका जुलाब कशे लागले?" मी कार्ड न उघडताच विचारलं, "पाणी उकळून देता ना?" मुलाची आई खाली बघत गप्प राहिली. ओआरएस आणि झिंकवर पोर सावरलं, पण माझा तो प्रश्न मला अजून बोचतो. पाणी उकळायलाच हवं, पण आजीने विचारलं होतं ते वेगळंच होतं.

पहिली गोष्ट, प्रत्येक जुलाब रोटाव्हायरसचा, म्हणजे लहान मुलांना तीव्र जुलाब करणाऱ्या त्या एका विषाणूचा नसतो. ही लस फक्त रोटावर चालते आणि आपल्या केंद्रात रोटाची तपासणी होत नाही, म्हणून 'लस फेल गेली' असा शेरा मारू नका.

पण लस आपल्याकडे थोडी कमी पडते, हेही खरं. श्रीमंत देशांत ती रोटाच्या तीव्र जुलाबांपासून 85 टक्क्यांहून जास्त संरक्षण देते. रोटावॅक या भारतीय रोटा लशीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोरला झाली, तेव्हा पहिल्या वर्षात हा आकडा 56 टक्के निघाला. यात भारतीय लशीचा दोष नाही. परदेशी लशी आफ्रिका-आशियातल्या गरीब भागांत दिल्या, तेव्हा त्यांचेही आकडे असेच घसरले.

कारण आतड्यात आहे. तोंडातून दिलेल्या लशीतला दुबळा केलेला विषाणू बाळाच्या आतड्यात वाढावा लागतो, तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. जिथे रोटा सतत फिरतो, तिथल्या आयांना तो लहानपणापासून कितीदा तरी होऊन गेलेला असतो. त्यांची प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनं, अँटीबॉडीज) नाळेतून बाळाला मिळतात, दुधातूनही मिळतात. दीड महिन्याला पहिला डोस देतो, तेव्हा ती भरपूर असतात आणि लशीच्या विषाणूलाच अडवतात. त्याच दिवशी पाजलेला पोलिओचा डोसही त्याच आतड्यात वाढतो, त्यामुळे रोटाच्या पहिल्या डोसचा प्रतिसाद कमी होतो. वारंवारच्या संसर्गांनी आतड्याचं अस्तर सुजलेलं असेल, तर आणखी अडचण. शिवाय काही मुलांच्या आतड्यात विषाणूला चिकटायला लागणारी विशिष्ट साखर जन्मतःच नसते. ही आनुवंशिक बाब आहे, आईच्या निगराणीशी तिचा काहीही संबंध नाही.

हे सगळं वाचून मी पुढच्या महिन्यात त्या घरी गेले. चूक माझी होती असं सांगितलं आणि प्रतिपिंडांचं समजावलं. तर आईचा चेहराच उतरला. "म्हणजे माझ्या दुधामुळे?" अर्धवट समजावणं किती महाग पडतं, ते मला त्या ओसरीवर कळलं. भारत, पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत डोसच्या आगेमागे काही वेळ दूध थांबवून पाहिलंय आणि लशीचा प्रतिसाद त्याने वाढला नाही. तेव्हा बाळ रडलं की लगेच पाजायचं. हे वाक्य आधी सांगा, प्रतिपिंडांचं नंतर.

56 टक्के ऐकून कुणी 'मग कशाला द्यायची' म्हटलं, तर शांतपणे सांगा. जिथे आजार जास्त आणि दवाखाना लांब, तिथे अर्धं संरक्षणही कितीतरी बाळांना सलाइनपासून आणि मरणापासून वाचवतं. महाराष्ट्रात 2019 पासून ही लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते.

अजून एमबीबीएसला असाल आणि याच विषयात पुढे जायचं असेल, तर आत्ताच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएसला, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या संशोधन शिष्यवृत्तीला प्रस्ताव टाका. पुढे पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) किंवा मायक्रोबायोलॉजी घ्या, पण लसीकरण सत्राच्या दिवशी अंगणवाडीत सिस्टरांच्या शेजारी बसायची सवय लावून घ्या. लावणीच्या दिवसांत कोणते डोस लांबतात, ओहोळाला पाणी आलं की कोण येऊ शकत नाही, हे आशाताईंना तोंडपाठ असतं. आणि कार्ड उघडा. जन्मतारीख आणि तिन्ही डोसच्या तारखा स्वतः वाचा, मगच आईकडे बघून बोला.