क्लॉकच्या लाइनवर सिरीज रेझिस्टर: ‘३३ टाक’ एवढ्यावर भागत नाही

महापे असो की वागळे इस्टेट, बोर्डावर क्लॉकच्या, म्हणजे चिप्सना ताल देणाऱ्या सिग्नलच्या, लाइनवर रिंगिंग (सिग्नल बदलल्यावर उठणारी थरथर) दिसलं की शेजारच्या टेबलावरून सल्ला येतोच, ‘३३ ओहम टाक रे.’ ३३ च का, असं विचारलं की म्हणे सगळेच टाकतात.

आधी गरज तपासा. क्लॉक किती मेगाहर्ट्झचा आहे ते सोडा. सिग्नल किती वेगानं चढतो ते बघा. १ नॅनोसेकंदात एफआर-४ वर (पीसीबीचं नेहमीचं मटेरिअल) सिग्नल साधारण १५ सेंटिमीटर जातो. चढायला तेवढाच वेळ लागत असेल आणि ट्रॅक याच्या सहाव्या भागाहून, म्हणजे अडीच सेंटिमीटरहून लांब असेल, तर रेझिस्टर हवाच. १ मेगाहर्ट्झच्या एसपीआयमध्येही (चिप्सना जोडणारा सिरीअल दुवा) एक पल्स दोनदा मोजली जाते ती यामुळेच.

जागा ठरलेली: ड्रायव्हरच्या, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या चिपच्या, पिनला खेटून.

आता किंमत. ट्रॅकच्या इम्पीडन्समधून (वेगवान सिग्नलला ट्रॅकचा जाणवणारा रोध) ड्रायव्हरचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायचा. ट्रॅकचा आकडा पीसीबीवाला स्टॅकअप (बोर्डाच्या थरांची रचना) बघून सांगतो, बहुधा ५० ओहम. खरी गोम ड्रायव्हरची. डेटाशीटमध्ये ‘४ मिलिअँपिअरला जास्तीत जास्त ०.४ व्होल्ट’ असं वाचून लोक भागाकार करतात आणि १०० ओहम घेऊन बसतात. मग ५० मधून १०० वजा करणार कसे? तो आकडा वाईटात वाईट परिस्थितीची हमी आहे. प्रत्यक्षातला रेझिस्टन्स बराच कमी असतो. आयबिस मॉडेल (पिन कशी वागते ते सांगणारी चिप कंपनीची फाइल) मिळालं तर त्यातल्या करंट-व्होल्टेज आलेखाचा उतार घ्या. नाही मिळालं तर सरळ मोजा. पिन हाय करून व्होल्टेज बघा, मग पिन आणि ग्राउंडमध्ये ३३० ओहम जोडा (पिनला १० मिलिअँपिअर झेपतात ना, ते आधी पाहा). ३.३० चे ३.०५ झाले, तर ०.२५ भागिले ३.०५ गुणिले ३३०, म्हणजे २७ ओहम. ५० वजा २७ म्हणजे २३. २२ चा रेझिस्टर लावा. पिन लो करून, ३३० सप्लायला जोडून पुन्हा मोजा. आकडा थोडा वेगळा येईल, मधला धरा. आणि फर्मवेअरवाल्यानं ड्राइव्ह स्ट्रेंग्थ (पिनची करंट देण्याची ताकद) बदलली की हे सगळं पहिल्यापासून. त्याला आधीच बजावून ठेवा.

सोल्डर करा, स्कोप लावा. पण रिसीव्हरच्या पिनवर, आणि प्रोबची ती लांब काळी ग्राउंड वायर काढून, छोटी स्प्रिंग लावून. वायर तशीच ठेवलीत तर निम्मं रिंगिंग तिचंच असेल. ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या व्होल्टेजवर पायरी दिसली तर घाबरू नका. अर्धाच सिग्नल निघतो, टोकाला आपटून दुप्पट होतो आणि परतलेला भाग रेझिस्टरपाशी जिरतो.

मात्र ट्रॅकच्या मध्यावर बसलेल्या चिपलाही हीच पायरी दिसते, म्हणून एकाच ट्रॅकवर ओळीनं चिप्स टांगून क्लॉक देऊ नका. त्याच पिनवरून तीन वेगळे ट्रॅक काढायचे म्हटलं तर ड्रायव्हरचे २७ तिप्पट धरावे लागतात. ५० वजा ८१, म्हणजे उत्तर उणे. तिथे क्लॉक बफर (एका क्लॉकच्या अनेक प्रती देणारी चिप) घाला आणि त्याच्या प्रत्येक आउटपुटला स्वतंत्र रेझिस्टर द्या.