इलेक्ट्रिक हीटच्या घरात अख्ख्या घराचा ह्युमिडिफायर घेताय? आधी हीट कुठली ते बघा

ह्युमिडिफायर म्हणजे घरातल्या हवेत ओलावा सोडणारं मशीन. मॉन्ट्रियल आणि आसपास राहणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण क्यूबेकमधे वीज पाण्यावरची आणि स्वस्त, त्यामुळे बहुतेक घरं विजेवरच तापतात. जानेवारी आला की दाराच्या मुठीला हात लावला तरी विजेचा चटका बसतो, टाचांना भेगा पडतात, गावाहून आणलेलं कोकमतेल संपत येतं आणि तानपुऱ्याच्या भोपळ्याची काळजी वेगळीच. मग कोणीतरी म्हणतंच, "इलेक्ट्रिक हीट फार ड्राय असते बाबा". तसं काही नसतं हो. बाहेरच्या उणे पंधराच्या हवेत मुळात पाणीच नगण्य, ती फटींतून आत येते आणि तापली की कोरडी ठणठणीत, मग तापवा गॅसवर नाहीतर विजेवर. उलट विजेच्या घराला चिमणी नसते, म्हणून बाहेरची हवा कमीच ओढली जाते. त्यामुळे आधी हवेतला ओलावा टक्क्यांत दाखवणारं एक साधं हायग्रोमीटर आणा आणि थंडीत आठवडाभर आकडे बघा. ३० ते ३५ टक्के दिसत असेल तर पैसे वाचले, कपडे ड्रायरऐवजी घरात वाळत घाला, तेवढ्यानेही भागतं.

आकडा २०च्या खाली असेल तर मग मशीन. घरात बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी बसवलेले) असतील तर डक्ट, म्हणजे खोल्यांत गरम हवा नेणारे मार्गच नाहीत, म्हणजे डक्टवर बसणारा बायपास ह्युमिडिफायर बाद. स्वतःचा पंखा असलेलं स्टीम युनिट किंवा पंखा आणि ओल्या पॅडवालं कपाटासारखं युनिट घ्यायचं, जिन्याजवळ किंवा पॅसेजमधे ठेवायचं आणि खोल्यांची दारं उघडी ठेवायची. इलेक्ट्रिक फर्नेस (डक्टमधून गरम हवा सोडणारी भट्टी) किंवा डक्टला जोडलेला हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा) असेल तर डक्ट आहेत, तिथे खरा चॉइस येतो.

आणि इथेच लोक फसतात. सगळीकडे सांगतात की पॅडवाला वीज खात नाही, स्टीमवाला राक्षस आहे. गॅसच्या घरात ते पटतं. पण १ लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट (बिलातलं युनिट, kWh) ऊर्जा लागतेच, कोणीही केली तरी. पॅडवाला ती हवेतून घेतो, हवा गार होते (उन्हाळ्यातला कूलर आठवा, तोच प्रकार), आणि ती गार झालेली हवा परत तापवायचं काम तुमच्याच हीटरवर. म्हणजे साध्या विजेच्या हीटला दोघांचं बिल जवळपास सारखंच, फरक फक्त कुठल्या तारेतून वीज गेली एवढाच. हीट पंप मात्र १ युनिटात २-३ युनिट उष्णता देतो, तिथे पॅडवाला खरंच स्वस्त पडतो, पण पंपाची हवा कोमट असल्याने पॅड पुरेसा सुकत नाही, म्हणून त्याला गरम पाण्याची लाइन जोडून घ्या. कडाक्याच्या थंडीत पंपाच्या मदतीला हीटर स्ट्रिप (साध्या विजेच्या कॉइल) चालू झाल्या की तो फायदाही आटतो. माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिक फर्नेसला सरळ स्टीम, कारण हीट चालू नसली तरी नुसत्या पंख्यावर तो ओलावा देतो.

साइझ सांगताना दुकानदार गॅलनमधे बोलतो. २,००० स्क्वेअर फुटांचं घर, तासाला अर्धी हवा बदलते असं धरलं, बाहेर उणे दहा आणि आत ३५ टक्के ओलावा पाहिजे असेल, तर दिवसाला २५ लिटरच्या आसपास लागतात, म्हणजे साडेसहा अमेरिकन गॅलन. त्यातले काही लिटर आंघोळी, कुकरच्या शिट्ट्या आणि माणसांचे श्वास भरून काढतात. घर जुनं, फटींचं असेल तर आकडा दुप्पटही होतो, पण तेव्हा आधी फटी बुजवा ना.

स्टीमला पॅनेलमधे वेगळा ब्रेकर लागतो, मोठ्या युनिटला २४० व्होल्ट, त्यामुळे इलेक्ट्रिशियनचा खर्च आधीच विचारून घ्या. इलेक्ट्रोडवालं मॉडेल पाण्यातल्या क्षारांतून वीज जाते म्हणून चालतं, त्याला आरओचं पाणी दिलं तर ढिम्म हलत नाही. क्षार साचले की त्यातला वाफ करणारा सिलिंडर बदलायचा, तो किती रुपड्यांना, सॉरी, डॉलरला पडतो तेही विचारा.

आणि ओलाव्याचं सेटिंग थंडीप्रमाणे खाली आणायचं: बाहेर उणे १२ ला ३० टक्के, उणे १८ ला २५, उणे २३ ला २०. आउटडोअर सेन्सर असेल तर ते आपोआप होतं, नसेल तर रात्री झोपताना बघा. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत असेल तर तुमचा आकडा जास्त आहे.