पाणी बघून तरंगा निवडा

खानापूरजवळ मलप्रभेवर, निपाणीकडे वेदगंगेवर किंवा हिडकल धरणाच्या फुगवट्यावर सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसलेल्यांचं सामान बघा. काठी चांगली असते, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, नवं असतं, आणि त्याला बांधलेला असतो थर्माकोलचा लिंबाएवढा गोळा. हा गोळा पाण्याखाली ओढायला माशाला चांगलाच जोर लावावा लागतो. चिलापी आमिष तोंडात घेते, ओढ जाणवली की थुंकून टाकते आणि काठावरच्या माणसाला काही कळतही नाही. 'आज मासाच नाही' म्हणून उठलेल्या पुष्कळांच्या गळाशी मासा येऊन गेलेला असतो. तरंगा, म्हणजे दुकानदार ज्याला फ्लोट म्हणतात तो, नीट निवडला आणि नीट तोलला तर हेच चावे दिसू लागतात.

आधी पाणी बघा

दुकानात जाण्याआधी कुठे बसणार ते ठरवा. गावतळं, खाणीत साठलेलं पाणी, उन्हाळ्यातला नदीचा डोह हे संथ पाणी. सदलग्याजवळची दूधगंगा किंवा मांजरी-अंकलीकडची कृष्णा हे वाहतं पाणी. धरणाच्या फुगवट्यावर पाणी संथ असलं तरी वारा आणि लाटा असतात, म्हणून त्याचा विचार वेगळा करावा लागतो. परवानगीचंही आधीच विचारून घ्या. बरेच तलाव मासे पाळायला ठेक्यानं दिलेले असतात. राकसकोपचं पाणी बेळगाव पितं, तिथे गळ घेऊन जाऊच नये. असोग्यासारख्या देवस्थानाच्या घाटावरही तेच.

कोणत्या पाण्याला कोणता

संथ पाण्याला बारीक, सरळ कांडीचा तरंगा. यात मोरपिसाच्या दांडीला तोड नाही. ती हलकी असते, पाणी पीत नाही आणि इतकी बारीक असते की माशाला ओढ जाणवत नाही. झडलेलं पीसच वापरायचं. मोराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, पिसासाठी पक्ष्याला हात लावणं हा गुन्हा आहे. पिसाची पाती कापून काढा, १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि वरचा बोटभर भाग लाल किंवा नारिंगी रंगवा. पीस नसेल तर ज्वारीच्या ताटाचा सोललेला भेंड चालतो. पण तो पाणी पितो, त्यामुळे त्याला सगळीकडून वॉर्निश लागतं, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर तो बदलावाच लागतो.

वाहत्या पाण्यात कांडी टिकत नाही. प्रवाह तिला आडवी पाडतो किंवा खाली दाबतो. तिथे वरच्या अंगाला फुगीर आणि खाली निमुळता तरंगा घ्या. फुगीर भाग जास्त शिसं, म्हणजे तंगुसाला लावायचं वजन, पेलतो, आणि त्या शिशामुळे आमिष प्रवाहातही खाली राहतं.

वाऱ्याच्या पाण्याला फक्त खालच्या टोकाला बांधायचा लांब तरंगा, ज्याला वॅगलर म्हणतात. तंगूस वरच्या टोकाला बांधलेलं नसल्यामुळे ते पाण्याखाली बुडवून ठेवता येतं आणि वारा त्याला धरून तरंगा ओढत नेत नाही. आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटला की फुगवट्यावर हा एकच प्रकार नीट काम देतो.

मरळीसाठी मात्र मोठा बूच किंवा जाड तरंगाच हवा. तिथे आमिष जड असतं, मासा ते जोरात घेतो आणि शेवाळातून तरंगा दिसायलाही हवा.

बांधायचं कसं

कांडी आणि फुगीर तरंगा दोन्ही टोकांना धरायचा. त्यासाठी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे अर्धा-अर्धा सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. आधी दोन्ही तुकडे तंगुसात ओवा, मग एकात तरंग्याचं वरचं टोक आणि दुसऱ्यात खालचं टोक घुसवा. गाठ मारायची गरज नाही. तरंगा बोटांनी वर-खाली सरकवता येतो आणि खोली बदलायला वेळ लागत नाही. रबर उन्हानं चिरतं, म्हणून जास्तीचे तुकडे आधीच तंगुसात ओवून ठेवा. वॅगलरचं खालचं कडं तंगुसात ओवायचं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शिशाचा एकेक चिरेचा मणी तंगुसावर दाबायचा, म्हणजे तो जागेवर राहतो.

पाणी काठीच्या लांबीपेक्षा खोल असेल तर तरंगा पक्का बांधून टाकताच येत नाही. मग तो मोकळा सोडायचा आणि हव्या त्या खोलीवर तंगुसाला जाड दोऱ्याची गाठ मारायची. गाठ आणि तरंगा यांच्यामध्ये बारीक भोकाचा एक साधा मणी (शिशाचा नव्हे) ओवा. गाठ रीळावर गुंडाळली जाते आणि टाकल्यावर तरंगा गाठीपाशी येऊन अडतो.

घरी बादलीत तोला

घाईत सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच पायरी, आणि तिच्यावरच बाकी सगळं अवलंबून आहे. खोल बादली काठोकाठ भरा. हातभर तंगुसाला तरंगा आणि गळ बांधा, आमिष लावू नका. बारीक शिशाचा एक मणी तंगुसावर दाबा आणि पाण्यात सोडा. तरंगा आधी आडवा पडेल. दुसरा मणी लावला की तिरका उभा राहील, तिसऱ्याला सरळ होईल. इथेच बरेच जण थांबतात. थांबू नका. आता सगळ्यात बारीक मणी एकेक करून लावत जा, म्हणजे तरंगा हळूहळू खाली बसेल. रंगवलेल्या शेंड्याचा जेमतेम एक सेंटिमीटर वर राहिला की झालं. बोटानं शेंडा हलकेच दाबून सोडा. तो बुडून पुन्हा सावकाश वर आला तर तोल बरोबर. उसळी मारून वर आला तर शिसं अजून कमी आहे.

वाऱ्याच्या दिवशी दोन सेंटिमीटर वर ठेवा, नाहीतर लाटेत शेंडा दिसणार नाही. शिसं दातानं दाबायचं नाही, ते विषारी असतं. पकड वापरा आणि नंतर हात साबणानं धुवा.

मणी कुठे लावायचे हेही महत्त्वाचं. संथ पाण्यात बहुतेक मणी तरंग्याच्या जवळ आणि शेवटचा बारीक मणी गळापासून १५ सेंटिमीटरवर. म्हणजे आमिष सावकाश, मोकळेपणानं खाली जातं. वाहत्या पाण्यात बहुतेक शिसं खाली, गळापासून वीतभर अंतरावर एकत्र.

खोली माशाप्रमाणे

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. शिंगटीही तळाचीच, आणि तिच्या काट्यांपासून हात जपा. आधी तळ मोजा: गळाला जड शिसं अडकवून टाका. तरंगा बुडाला तर खोली कमी लावली आहे, आडवा पडला तर जास्त. शेंडा पाण्याच्या पातळीला आला की तळाची खोली मिळाली. मृगळीसाठी त्याहून वीतभर जास्त ठेवा, म्हणजे शेवटचा मणी तळावर टेकतो. रोहूसाठी निम्म्यावर आणा. चिलापी कुठेही सापडते, पण काठाजवळ, चार-पाच फुटांत आधी बघावं.

टाकल्यावर

वॅगलर असेल तर जिथे ठेवायचा त्याच्या थोडा पलीकडे टाका, काठीचं टोक पाण्यात बुडवा आणि रीळाचे दोन-तीन वेढे झटक्यानं घ्या. तंगूस बुडतं आणि तरंगा जागेवर येतो. मग पेंड आणि कणकेच्या दोन-तीन लहान गोळ्या तरंग्याच्या आसपास टाका. जास्त नको, पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही.

शेंड्याचा रंग पाण्याच्या चकाकीवर ठरवा. झाडांच्या सावलीत लाल-पिवळा चांगला दिसतो. संध्याकाळी आभाळ पाण्यात चमकतं तेव्हा काळा शेंडा जास्त उठून दिसतो.

चावा ओळखायचा

नुसती थरथर म्हणजे बारीक मासे आमिष टोकरताहेत, थांबा. तरंगा तिरका होऊन सरकू लागला की रोहू किंवा चिलापी आमिष घेऊन चालली आहे, तेव्हा मनगटानं छोटा हिसका द्या. सगळ्यात फसवा चावा मृगळीचा. ती तळावरून आमिष उचलते तेव्हा शेवटचा मणीही उचलला जातो, त्यामुळे तरंगा बुडण्याऐवजी वर येतो आणि कधी आडवाच पडतो. नवखे लोक तरंगा बुडायची वाट बघत राहतात. वर आला की लगेच काठी उचला. मरळीला मात्र आमिष गिळायला थोडा अवधी द्यावा लागतो.

जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर येतात. तेव्हा गळ घरीच ठेवा. पोट फुगलेली मादी चुकून लागली तर हात ओले करून गळ काढा आणि तिला सोडून द्या.

कृष्णेकाठी मगरी असतात, त्यामुळे पाण्यात उतरून टाकू नका आणि अंधार पडायच्या आत उठा. धरणाच्या खालच्या अंगाला बसलात तर तरंग्यावर आणखी एका कारणासाठी लक्ष ठेवा. शेवटचा मणी तळावर टेकलेला असताना शेंडा नेहमीपेक्षा थोडा जास्त वर दिसतो. मासा नसताना तो सावकाश खाली बसू लागला आणि मग जागा सोडून वाहू लागला, तर पाणी वाढतंय, वरून सोडलेलं असू शकतं. तेव्हा तंगूस गुंडाळत बसायचं नाही, लगेच वर यायचं.